समुद्रकिनारा साफ करायला जायचंय? बडोद्याहून कंबोईला गेलो त्याची हकीकत

बडोद्याला समुद्र नाही, मग ही उठाठेव कशाला, असं मला घरीही विचारलं गेलं आणि कचेऱ्यांतही. उत्तर नकाशात आहे. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, कमाटीबागेतून वाहते, पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि ढाढर जाते खंभातच्या आखातात. पावसाळ्यात शहरातल्या कांसा, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले, भरून वाहू लागल्या की त्यांतलं प्लास्टिक त्याच वाटेनं जातं. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर झाडांना लटकलेल्या पिशव्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. ज्या अडकल्या नाहीत त्या कुठे गेल्या असतील, हे माझ्या डोक्यातून जाईना.

2025 मध्ये 20 सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, आम्ही अडतीस जण बडोद्याहून कावी-कंबोईला जाऊन आलो. काम जुलैच्या शेवटी सुरू झालं आणि दिवाळीच्या तोंडाशी मिटलं. किनाऱ्यावर गेली ती एकच सकाळ. बाकीचा वेळ कागद, फोन आणि वाट बघणं. कुणाला भेटायचं, कुठला अर्ज करायचा, हे विचारायला मला कुणी सापडलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

आधी जागेचं. पहिला विचार विश्वामित्रीचाच होता, पण नदीत मगरी आहेत. फेब्रुवारी 2025 च्या गणनेत त्या चारशेहून अधिक निघाल्या. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि काठावर उतरणं माणसांसाठीही धोक्याचं. नवख्या लोकांना आणि कॉलेजच्या मुलांना घेऊन तिथे जायचं नाही, हे आम्ही लगेच ठरवलं. मग कंबोई. भरूच जिल्ह्यातल्या जंबुसर तालुक्यात, पादऱ्यावरून गेलं तर साधारण पाऊणशे किलोमीटर. तिथे मही आखाताला मिळते आणि भरतीत पाण्याखाली जाणारं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. बडोद्यातली बरीच मराठी घरं तिथे दर्शनाला जातात, त्यामुळे जागा ओळखीची आणि तिथला कचराही आपल्यासारख्यांनीच नेलेला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी नणंद आधी गावात जाऊन आलो. हे कराच. फोनवर कुणी काही सांगत नाही, ओट्यावर बसलं की सगळं कळतं. किनारा एकाच्या ताब्यात नसतो, हे तिथेच समजलं. देवळाच्या पायऱ्या आणि आवार देवस्थानाकडे, गावाची हद्द ग्रामपंचायतीकडे, सरकारी पडीक जमिनीसाठी मामलतदार, तिवराची झाडी जिथे आहे तिथे वनखातं, आणि माणसं जमणार म्हणून पोलीस ठाणं. म्हणजे पाच ठिकाणी पाच अर्ज.

अर्ज गुजरातीत, एका पानाचे. तारीख, वेळ, माणसं किती, प्रमुखाचं नाव आणि मोबाईल, सोबत आधारची झेरॉक्स. शिवाय चार वाक्यं आम्ही मुद्दाम घातली: लाउडस्पीकर लावणार नाही, बॅनर लावणार नाही, वर्गणी गोळा करणार नाही, गोळा केलेल्या कचऱ्याची विल्हेवाट आम्हीच लावू. शेवटच्या वाक्यानं टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा बदलतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. केंद्र सरकारनं 2022 मध्ये 5 जुलै ते 17 सप्टेंबर अशी 75 दिवसांची किनारा स्वच्छतेची मोहीम घेतली होती, तिचाही एका ओळीत उल्लेख केला. सरकारी मोहिमेचं नाव दिसलं की अर्ज विचित्र वाटत नाही. फी कुठेच लागली नाही.

सरपंच आणि तलाटी यांनी त्याच दिवशी सही-शिक्का दिला. देवस्थानानं तोंडी होकार दिला आणि एक अट घातली, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पोलीस ठाण्यात परवानगी मागायला गेलो होतो. तिथल्या जमादारांनी सांगितलं, परवानगीसाठी फाईल वर जाईल, त्यापेक्षा जाणवाजोग, म्हणजे फक्त माहितीसाठीचा, अर्ज द्या, म्हणजे आमच्याकडे नोंद राहील आणि तुमचं अडणार नाही. भल्या माणसाचा सल्ला होता. मिरवणूक किंवा सभा नसेल तर तुम्हीही आधी हेच विचारून बघा.

एका कचेरीत मात्र अर्ज अडकला. आधी म्हणाले, हा विषय आमचा नाही. मग म्हणाले, आमचाच आहे पण साहेब रजेवर आहेत. मग श्रावणी सोमवार, गोकुळाष्टमी आणि गणपती करत ऑगस्ट संपला. त्या काळात माझा धीर सुटत चालला होता. इकडे लोक नावं देत होते आणि तिकडे हातात कागद नव्हता. रात्री झोपताना वाटायचं, सगळ्यांना नाही म्हणून कळवून टाकावं. कामाला आली ती पोच. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला होता, त्यामुळे दर वेळी नव्यानं गोष्ट सांगावी लागली नाही, नंबर सांगितला की फाईल निघायची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं: काम करा, पण तिवरात शिरू नका.

ती अट अगदी रास्त होती. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात आणि लहान रोपं पायाखाली कळतही नाहीत. तिथे अडकलेली पिशवी ओढताना मूळ तुटलं तर आपण किनाऱ्याचं नुकसान करूनच परत येतो. बाहेरच्या बाजूनं जेवढं हाताला लागेल तेवढंच काढायचं, असं आम्ही सगळ्यांना बजावलं.

कागदांपेक्षाही जास्त वेळ खाल्ला तो एका प्रश्नानं: गोळा केलेलं न्यायचं कुठे? माझं स्पष्ट मत आहे की हे ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. किनाऱ्यावरून उचलून गावाच्या उकिरड्यावर टाकलं तर पुढच्या वाऱ्या-पावसात ते परत पाण्यातच जाणार. दुसऱ्या जिल्ह्यातला कचरा बडोद्यात आणून घरोघरच्या गाडीत टाकता येत नाही, हे मला इथे सांगण्यात आलं आणि ते बरोबरच आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या नेहमीच्या भंगारवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, बाटल्या आणि कडक प्लास्टिक घेईन, पण धुऊन, वाळवून आणा. समुद्रावरचा माल खारट, वाळूनं भरलेला आणि उन्हानं ठिसूळ झालेला असतो, त्याला भाव नसतो. वेफरची, गुटख्याची चकचकीत पाकिटं तर कुणीच घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवणारा एक ठेकेदार बऱ्याच फोनांनंतर मिळाला. त्याची अट एकच: माल कोरडा हवा, माती नको. म्हणजे वाळवायला जागा हवी. तलाटींनी पंचायतीची मागची पत्र्याची शेड महिनाभरासाठी दिली, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा तारीख पक्की झाली असं म्हणाले.

आता भरती. खंभातच्या आखाताचं पाणी कोकणातल्यासारखं नाही. भावनगरकडे उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढं पाणी काही तासांत चढतं. त्यात 21 सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या, म्हणजे आमचा दिवस ऐन उधाणातला. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीचं कोष्टक छापतो, त्यात भावनगर आहे. त्यावरून अंदाज घ्या, पण शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा. देवळात रोजच्या भरतीच्या वेळा माहीत असतातच. रोज ती साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, तेव्हा मागच्या आठवड्याची वेळ उपयोगाची नाही.

आम्ही गावातल्या एका मच्छीमार काकांना सोबत घेतलं. त्यांनी सकाळी आधी जाऊन ओळीनं काठ्या रोवल्या आणि सांगितलं, याच्यापुढे पाय टाकायचा नाही. काठ्यांपलीकडचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. पाणी फिरायच्या तासभर आधी सगळ्यांनी वर यायचं, गोणी राहिली तरी चालेल, हा त्यांचा दुसरा नियम. असा माणूस मिळत नसेल तर या आखातावर जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

माणसं जमवणं सोपं गेलं नाही. 6 सप्टेंबरला विसर्जन झालं, मग पितृपक्ष, आणि 22 पासून नवरात्र. बडोद्यात नवरात्राच्या आदल्या शनिवारी तरुण पोरं मिळणं म्हणजे काय ते बडोदेकरांना सांगायला नको. गरब्याची तालीम संध्याकाळी असते, सकाळ आमची, असं म्हणत भाच्यानं कॉलेजची बारा मुलं आणली. उरलेले आमच्या महिला मंडळातले, दोन निवृत्त काका, शेजारचं एक गुजराती कुटुंब. अठराखालच्या मुलांच्या आईवडिलांची लेखी संमती घेतली.

खर्च विचारणारे बरेच आहेत. बस 11,500 रुपये. रबराचा लेप असलेले सुती हातमोजे 40 रुपये जोडी, त्याचे 1,800. धान्याच्या दुकानातून वापरलेल्या गोण्या आठ रुपयांना एक, त्या 480 च्या. प्रथमोपचार 900, हुकाचा वजनकाटा 350. मच्छीमार काकांचा रोज आणि गोण्या वाहायला ट्रॅक्टर मिळून 1,500. झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचं 600, शेवटी माल पोचवायला टेम्पो 2,500. साडेएकोणीस हजारांच्या थोडं वर गेलं. माणशी पाचशे काढले, विद्यार्थ्यांचे मोठ्यांनी भरले. बाहेरून देणगी घेतली नाही, कारण ती घेतली की संस्था, खातं, पावत्या हे सगळं आलं. टी-शर्ट छापले नाहीत. पाण्याचे मोठे जग आणि प्रत्येकाचा स्वतःचा पेला, खायला थेपले आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, घरच्या डब्यांतून.

पहाटे दांडिया बाजारातून निघालो. पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती, देवळाची पिंड उघडी पडलेली आणि करड्या गाळाचा पट्टा दूरवर चकाकत होता. चतुर्दशी असूनही पितरांच्या कामासाठी माणसं आलेली होती. इथे देवस्थानाची अट आली: निर्माल्य इतर कचऱ्यात मिसळायचं नाही आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही. आम्ही त्यासाठी जुन्या सुती साड्या नेल्या होत्या. फुलं, नारळाच्या शेंड्या आणि पत्रावळी साडीत बांधून पंचायतीनं दाखवलेल्या खड्ड्यात. चुनऱ्या, तसबिरींच्या काचा, प्लास्टिकचे हार वेगळे. एक वयस्कर गृहस्थ आधी रागावले, देवाचं उचलता म्हणून. माझ्या नणंदेनं त्यांना काका म्हणून जवळ बोलावलं आणि हारातली फुलं काढून उरलेली नायलॉनची दोरी त्यांच्या हातात दिली. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं स्वतःच्या पिशवीतलं दुधाचं पाकीट आमच्या गोणीत टाकून गेले.

किनारा स्वच्छता दिन 1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मारानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी सुरू केला. उचललेली प्रत्येक वस्तू नोंदवायची, ही पद्धत तेव्हापासूनची. म्हणून आम्ही जोड्या केल्या होत्या, एकानं उचलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. क्लीन स्वेल नावाचं ॲप आहे, पण चिखलाच्या हातांनी फोन नको वाटतो. छापील तक्ता आणि पेन्सिल बरी, ॲपमध्ये नंतर भरता येतं. जगभरच्या मोजणीत अनेक वर्षं सिगारेटची थोटकं पहिली यायची. आमच्याकडे ती थोडीच होती. सर्वांत जास्त गुटखा आणि पान मसाल्याची पाकिटं, त्याखालोखाल दुधाची आणि पाण्याची पाउच, मग पातळ पिशव्या. गुटख्याला प्लास्टिकचं पाकीट 2016 च्या नियमांनीच बंद केलंय. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी 31 डिसेंबर 2022 पासून चालत नाही. तरीही गोणीच्या गोणी भरत होती, आणि त्यातली बरीच नवी करकरीत होती. मला त्या वेळी खूप राग आला आणि तो अजूनही आहे.

जाळ्याचा एक मोठा तुकडा गाळात रुतला होता. मुलं ओढायला लागली तेव्हा मच्छीमार काकांनी थांबवलं. जाळं गाळातून उपसताना आपणच आत जातो, म्हणाले. वरचा मोकळा भाग कोयत्यानं कापून घेतला, बाकीचा सोडावा लागला. एका कोपऱ्यात सुया आणि सलाईनच्या नळ्या होत्या. त्यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. जागेचा फोटो काढून पंचायतीला कळवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र सगळ्यांनी आधीच घेतलेलं असावं.

एक गोष्ट गोणीत भरता येत नाही. बडोद्याजवळच्या कारखान्यांचं सांडपाणी 1983 पासून पन्नासहून जास्त किलोमीटरच्या वाहिनीतून याच तालुक्यातल्या सारोदजवळ महीच्या मुखात सोडलं जातं. गावात सगळे त्याबद्दल बोलतात. आम्हा अडतीस जणांच्या हातमोज्यांनी त्याचं काही होत नाही. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागावे लागतात. ते वेगळं, लांबचं काम आहे, आणि प्लास्टिक उचलल्याच्या समाधानात ते विसरलं जाऊ नये असं मला वाटतं.

वर आलो, थेपले खाल्ले आणि पाणी चढताना बघत बसलो. आमच्या डोळ्यांदेखत लाटेबरोबर नवी पाकिटं, चपला, थर्माकोल आलं आणि आम्ही साफ केलेल्या पट्ट्यावर नवी रेघ पडली. मुलांचे चेहरे उतरले. मच्छीमार काकांनी तेव्हा जे सांगितलं ते मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. उधाणाची भरती कचरा सर्वांत वर आणून ठेवते. नंतर भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही, म्हणून तो आठवडाभर कोरडा पडून असतो. त्यामुळे अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या चार-पाच दिवसांनी यायचं आणि वरच्या रेघेवरचं उचलायचं. उधाणाच्या दिवशी खालच्या पट्ट्यात उचललं तर पाणी तासाभरात पुन्हा भरतं. त्या क्षणी तिघीचौघींनी उठून वरची रेघ जेवढी हाताला येईल तेवढी वेचायला घेतली.

ओल्या वजनानं तीनशे किलोच्या आसपास भरलं. हा आकडा कुणाला सांगू नका, त्यात चिखल आणि पाणीच जास्त. शेडमध्ये पसरून, वाळवून, झाडून झाल्यावर निम्म्याहून कमी राहिलं. त्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही सहा जण पुन्हा गेलो, नवरात्राचे दिवस असूनही. चुनऱ्या आणि कापड वेगळं करायला सर्वांत वेळ लागला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो निघाला आणि शेड झाडून किल्ली तलाटींना परत दिली. ठेकेदाराकडून वजनाची पावती घ्या आणि तिची प्रत पंचायतीला द्या. पुढच्या वेळी हाच कागद तुमच्या बाजूनं बोलतो.

नोंदवलेल्या वस्तूंचा तक्ता आम्ही गुजरातीत करून सरपंचांना दिला होता. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बाहेरच्या माणसाला विषय मांडता येत नाही, म्हणून मच्छीमार काकांच्या सुनेनं तो मांडला: वाहनतळाजवळ जाळीचे पिंजरे ठेवावेत आणि पूजेच्या दुकानांत अभिषेकाचं दूध सुटं, तांब्यात मिळावं. पिंजऱ्यांचा ठराव झाला. दुधाचा विषय दुकानदारांशी बोलून ठरवू, असं लिहिलं गेलं.

मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये सुरुवात केली आणि लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले. पाऊणशे किलोमीटरवरून आपल्याला ते जमणार नाही. आमचं ठरलंय ते असं: कंबोईला हिवाळ्यात एकदा, भांगाचे दिवस बघून, लहान गट घेऊन. आणि पावसाळ्याआधी इथेच, आमच्या भागातली कांस विश्वामित्रीला मिळते तिथे जाळी बसवून घ्यायची. जाळी अडली तर पाणी तुंबेल, अशी हरकत येणार हे उघड आहे, म्हणून पावसाळ्यात ती रोज कोण उपसणार त्याची पाळीची यादी अर्जालाच जोडली आहे. अर्ज गेल्या सोमवारी दिला. गुजराती अर्जांचे नमुने, मोजणीचा तक्ता आणि संमतीपत्र माझ्याकडे आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी मागा, नावं बदलून वापरता येईल.